टोपणभर पेट्रोल

रविवारी सकाळी दहा वाजता निकाल लावायचा असं ठरलं, आणि शनिवारी दुपारपासून घरातलं एकेक माणूस वहिनीला बाजूला घ्यायला लागलं.

सगळ्यात आधी ताई, वहिनीच्या मोठ्या नणंदबाई. त्या दोन पिशव्या घेऊन आल्या. खांद्यावरच्या पिशवीत वह्या होत्या, कारण मुख्याध्यापिका झाल्यापासून ताई तपासायच्या वह्यांशिवाय कुठेही जात नसत, लग्नालासुद्धा. हातातल्या पिशवीत त्यांचं इंजिन होतं. सहाव्या मजल्यावरून ते धूड त्यांनी एकटीने उतरवलं होतं आणि वरून टॉवेल असा झाकला होता की टॅक्सीवाल्याने बाळाला झोप लागलीय म्हणून सगळा रस्ता हॉर्न वाजवला नव्हता.

"वहिनी, जरा बाथरूममध्ये ये."

"काय झालं, ताई?"

"काही झालेलं नाही. ये म्हणते ना."

वहिनी गेली. ताईंनी आतून कडी लावली, बाहेर बोलणं ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला आणि टॉवेल दूर केला. हिरव्या रंगाचं जुनं इंजिन, वर मातीचे गोल गोल डाग.

"हे सुरू होत नाही."

"कधीपासून?"

"सहा वर्षं." ताईंनी नजर नळाकडे वळवली. "बाल्कनीत होतं. त्याच्यावर मी कुंडी ठेवायचे. पुन्हा लागेल असं कुठे वाटलं होतं?"

"पण ताई, नियम आहे ना? ज्याचं इंजिन त्यानंच लावायचं..."

"नियम तू मला नको शिकवूस. आईनं तो भिंतीवर लिहिला तेव्हा रंगाचा डबा धरून मीच उभी होते." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "हे बघ, तू दिवसभर चष्म्याच्या दुकानात मुंगीएवढे स्क्रू फिरवतेस. तुला हे जमेल. कुणाला कळणार नाही. आणि मी हे काय माझ्यासाठी करतेय? त्या दिवशी ती ट्रॉली रस्ता ओलांडत होती तेव्हा समोरून शाळेची बस येत होती. तुम्हाला कुणाला माहीत नाही. मला समोरच्या केशकर्तनालयवाल्याने सांगितलं. तेव्हापासून मला झोप नाही, वहिनी."

ट्रॉलीची गोष्ट एव्हाना सगळ्या गल्लीला पाठ झाली होती. मागच्या महिन्यात ताईंच्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, एक इंजिन चहाच्या ट्रॉलीला लोखंडी शिकंज्याने आवळलं आणि दोरी ओढून सुरू केलं. ट्रॉलीला चाकं असतात ही गोष्ट त्या दिवशी सगळ्यांच्या एकदमच लक्षात आली. इंजिन थरथरत दारातून बाहेर पडलं, उताराला लागलं, रस्ता ओलांडून समोरच्या केशकर्तनालयात शिरलं आणि बाकाला टेकून धडधडत उभं राहिलं. खुर्चीत अर्धी दाढी झालेले एक गृहस्थ होते. ते उरलेली अर्धी करायला अजून आलेले नाहीत. केशकर्तनालयवाल्याने मात्र तक्रार केली नाही. इंजिन आपला नंबर येईपर्यंत शहाण्यासारखं थांबलं होतं, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतो.

पण ताईंनी त्याच संध्याकाळी जाहीर केलं होतं की तात्या आता त्यांच्याकडे राहायला येतील. सहाव्या मजल्यावर, जिथे पेट्रोलचा थेंबही वर न्यायला बंदी आहे. त्यावर तात्या एवढंच म्हणाले, "सहाव्या मजल्यावर मी काय करू? ढग कापू?" आणि मग बापलेकींचा आवाज असा चढला की शेवटी कुणीतरी भिंतीवरच्या नियमाकडे बोट दाखवलं, की ज्याचं इंजिन जास्त वेळ चालेल त्याचं खरं, आणि रविवार ठरला.

"द्या इकडे," वहिनी म्हणाली.

तिने का म्हटलं ते तिचं तिलाच कळलं नाही. एक तर नळाचं पाणी वाया चाललं होतं, आणि दुसरं म्हणजे कार्बोरेटरच्या तोंडाशी मातीचा थर दिसत होता आणि तो साफ करावा म्हणून तिची बोटं आपोआप शिवशिवायला लागली होती.

तात्यांनी शहराच्या बागखात्यात चौतीस वर्षं गवत कापायची यंत्रं दुरुस्त केली. नोकरी संपली, यंत्रं संपली नाहीत. भंगारात निघालेलं एकेक यंत्र ते घरी आणत, पाती आणि चाकं देऊन टाकत आणि इंजिन ठेवून घेत. मग ते उघडायचं, रॉकेलमध्ये धुवायचं, झिजलेलं बदलायचं, पुन्हा जोडायचं आणि दोरी ओढून त्याचा आवाज ऐकायचा. एवढंच. त्या इंजिनांनी पुढे काही करावं अशी तात्यांची अपेक्षा नव्हती. आजमितीला घरात त्रेचाळीस इंजिनं होती आणि गवताची एक काडी नव्हती. मागचं अंगण सिमेंटचं होतं. पुढच्या खोलीत अकरा इंजिनं होती, जिन्यात सात, बाथरूममध्ये दोन, स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे एक. बाकीची मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

घरातल्या प्रत्येक माणसाचं एक स्वतःचं इंजिन होतं. मूल दहा वर्षांचं झालं की त्याला मिळायचं, आणि सून आली की तिला. वहिनीला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मिळालं होतं. तिच्या आईला ती पुढची दोन वर्षं ते शिवणयंत्र आहे असं सांगत होती.

ताईंचं इंजिन टॉवेलात गुंडाळून वहिनी बाथरूममधून बाहेर पडते न पडते तो गच्चीच्या जिन्यावरून "शुक शुक" असा आवाज आला.

धाकटे दीर दातांचे डॉक्टर होते आणि घरात सगळे त्यांना डॉक्टरच म्हणत, तात्यासुद्धा, मात्र तात्या ते जरा वेगळ्या सुरात म्हणत.

"वहिनी, एक मिनिट वर ये. कुणाला सांगू नकोस."

वर पाण्याच्या टाकीमागे डॉक्टरांचं इंजिन वर्तमानपत्रावर मांडलेलं होतं. शेजारी दात साफ करायची हत्यारं ओळीने लावली होती.

"मी प्रयत्न केला," डॉक्टर म्हणाले. "पेट्रोलच्या जेटचं भोक किडलंय. मी ते साफ केलं, आणि मला वाटतं सवयीने जरा जास्तच कोरलं."

"आणि मग?"

"मग भरलं."

"कशानं?"

"जे दातात भरतो त्यानंच." त्यांनी मान खाली घातली. "छान बसलंय. पण आता पेट्रोल जात नाही."

वहिनीने जेट उजेडात धरलं. अगदी सुरेख भरलेलं होतं. दहा वर्षं तरी निघालं नसतं.

"तुमची बाजू कोणती आहे, डॉक्टर? तात्यांनी राहावं की जावं?"

"मी तटस्थ आहे. तात्या राहोत किंवा जावोत. मला फक्त दवाखान्यासाठी पुढची खोली हवी."

"म्हणजे अकरा इंजिनं भंगारात."

"हे तू म्हणतेस. मी तटस्थ आहे." मग त्यांनी एक बारीक आकडीदार हत्यार रुमालाने पुसून तिच्या हातात ठेवलं. "हे तुला. ठेवून घे. काम झालं तरी परत नको देऊस."

हत्यार मात्र खरंच छान होतं. वहिनीने ते पदराला पुसून पुन्हा एकदा उजेडात पाहिलं.

स्वयंपाकघरात तिचा नवरा तिची वाटच पाहत उभा होता. पाणीपुरवठा खात्यात बावीस वर्षं नोकरी करून तो ज्याला ज्या दिशेने उतार असेल त्या दिशेने वाहायला शिकला होता. शेवटी जो बोलेल त्याचं त्याला पटत असे. त्याच्या इंजिनात मनी प्लँट लावलेला होता आणि तो फार चांगला फोफावला होता.

"अगं, तुला काय वाटतं?" त्याने विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

"ताई म्हणते ते बरोबर आहे. तात्या म्हणतात तेही चुकीचं नाही."

"आणि डॉक्टर?"

"तो तर तटस्थच आहे," नवरा समाधानाने म्हणाला, आणि वहिनीला हसावं की कपाळावर हात मारावा ते कळेना.

पाच वाजता ती शेडमध्ये गेली. तीन वर्षं ती रोज पाच वाजता जात होती. घरच्यांना माहीत होतं ते असं की सूनबाई तात्यांना चहा नेऊन देते आणि तिथेच जरा बसते. खरं असं होतं की तिथे तिला बसायला काही नव्हतं. शेडमध्ये एकच स्टूल होतं आणि ते तात्यांचं होतं.

तात्या स्टुलावर बसले होते. त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला आणि तरी तो बशीवर टकटक वाजला. दोघांनीही तो आवाज ऐकला नाही असं दाखवलं.

"माझं घे आता," तात्या म्हणाले. "दहा वाजता लाज जायला नको."

तात्यांचं इंजिन म्हणजे त्यांनी भंगारातून उचललेलं सगळ्यात पहिलं. वहिनी बाकड्याशी उभी राहिली, फ्लोटचं झाकण काढलं, डॉक्टरांनी दिलेल्या हत्याराने कडा साफ केल्या. तात्या बॅटरीचा उजेड दाखवत होते. उजेड कार्बोरेटरवर, मग भिंतीवर, मग तिच्या नाकावर, मग पुन्हा कार्बोरेटरवर असा फिरत होता. तीन वर्षांत तिला त्याची सवय झाली होती. उजेड येईल त्या क्षणी ती स्क्रू फिरवायची आणि जाईल तेव्हा थांबायची.

तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ती अशीच चहा घेऊन आली होती, तेव्हा तात्या प्लग बसवत होते आणि प्लग बसत नव्हता. वीस मिनिटं. शेवटी तिने तो त्यांच्या हातातून घेतला आणि बसवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला पाना नुसता पुढे केला. या गोष्टीचा दोघांनी कधी उच्चार केला नाही, आणि घरात सगळे कौतुकाने म्हणत राहिले की या वयातही तात्यांचा हात कसा सरळ आहे.

"ताई म्हणतात त्यात अगदीच काही खोटं नाही," वहिनी स्क्रूकडे बघत म्हणाली. "ट्रॉलीचा शिकंजा नीट आवळला नव्हता."

"आवळला होता."

"तात्या."

उजेड छपरावर गेला.

"सूनबाई, तिकडे मी खुर्चीत बसून राहीन," ते म्हणाले. "ती मला चांगलं जेवायला घालेल, औषधं वेळेवर देईल, दुपारी पेपर वाचून दाखवेल. शुद्धलेखनाच्या चुकांसकट. मी वर्षभरात संपेन."

वहिनीने स्क्रू सोडून त्यांच्याकडे पाहिलं. तिला तात्यांसाठी वाईट वाटलंच, पण त्यात थोडं स्वतःसाठीही होतं, आणि ते तिला कळत होतं. तात्या गेले की शेडला कुलूप लागणार. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचे, घरी यायचं, पोळ्या लाटायच्या. मधले हे दोन तास, जिथे एखादी मेलेली वस्तू तिच्या हातात धडधडायला लागायची, ते तास जाणार. ती कुणाला सांगू शकत नव्हती की ते जायला नकोत, कारण ते तिचे आहेत हेच कुणाला माहीत नव्हतं.

तिने दोरी ओढली. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. टोपणभर पेट्रोल संपत आलं तसं ते मंदावलं, एकदा घसा खाकरल्यासारखं 'खर्र' केलं आणि थांबलं.

"तुझी सगळी इंजिनं मरताना एकदा खाकरतात," तात्या म्हणाले. "माझी गुपचूप मरायची."

"तुम्ही ठिणगीच्या पॉइंटमध्ये पातं घालून फट मोजायचात. मी दुकानातलं कार्ड घालते. जरा जाड आहे ते."

"मला माहीत आहे. तक्रार नाही करत."

ताईंचं इंजिन तिने सहा वाजता बाथरूममध्ये जोडलं. जोडून झाल्यावर पेट्रोल-हवेच्या मिश्रणाच्या स्क्रूवर पेचकस ठेवून ती जरा वेळ तशीच बसली. अर्धा आटा डावीकडे, की झालं. ताईंचं इंजिन अर्ध्या मिनिटात बंद पडलं असतं. तात्या राहिले असते, शेड राहिली असती आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं. अशी संधी देव रोज देत नाही, असं तिने स्वतःला दोनदा सांगितलं.

मग तिने तो स्क्रू कान देऊन अगदी बरोबर जागी लावला, हिरव्या रंगावरचे मातीचे डागही पुसून काढले आणि स्वतःच्या नावाने बोटं मोडत गच्चीवर गेली. तिथे डॉक्टरांचं भरलेलं जेट काढून टाकून तिने पिठाच्या डब्यामागच्या इंजिनाचं बसवलं. वाईट काम तिला करताच येत नव्हतं. जन्मात पहिल्यांदा तिला या गोष्टीचा भयंकर राग आला.

रविवारी पावणेदहाला शेजारचे पीटी सर शिट्टीसकट हजर झाले. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती, पण शिट्टी गळ्यातून उतरली नव्हती. या घरच्या भांडणांना पंच म्हणून तेच असत. डॉक्टरांनी वकील व्हायचं की डॉक्टर, घराला रंग पिवळा द्यायचा की पांढरा, ताईंनी चष्म्याच्या दुकानवाल्याचं स्थळ नाकारायचं की स्वीकारायचं, सगळे निकाल त्यांच्या घड्याळावर लागले होते. त्या दिवशी ताई जिंकल्या, स्थळ गेलं आणि चष्म्याच्या दुकानाशी घराचा संबंध पुढे वहिनीच्या नोकरीमुळे, भलत्याच वाटेने आला, हे वेगळं.

अंगणात बाकड्यावर तीन इंजिनं फळीला आवळलेली होती. प्रत्येकावर औषधाची रिकामी बाटली उलटी टांगून तिला नळी जोडलेली. समोरच्या भिंतीवर लाल ऑइल पेंटमध्ये आईंचं अक्षर होतं. आईंना जाऊन आठ वर्षं झाली होती, पण अक्षर अजून जशास तसं होतं. एकदा बापलेकींचं भांडण तीन दिवस चाललं तेव्हा त्या वैतागून म्हणाल्या होत्या की जा, आपापली इंजिनं लावा, ज्याचं जास्त चालेल त्याचं खरं. आवाजात भांडण ऐकू येणार नाही आणि पेट्रोल संपेपर्यंत डोकंही थंड होईल, एवढाच त्यांचा हिशोब होता. मग त्यांनी ते लिहूनच टाकलं:

*एक टोपण पेट्रोल.*
*दोरीचे तीन झटके.*
*ज्याच्या हातचं इंजिन, त्याचा शब्द.*
*निकालानंतर कुणी बोलायचं नाही. जेवायला या.*

"स्पर्धक तयार?" पीटी सरांनी गरज नसताना ओरडून विचारलं. "दीर्घ श्वास घ्या!"

सगळ्यांनी घेतला. वहिनीच्या नवऱ्यानेही घेतला, त्याचं इंजिन स्पर्धेत नसताना.

खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने पीटी सरांनी तिन्ही बाटल्यांत पेट्रोल ओतलं. शिट्टी वाजली. ताईंनी साडीचा पदर खोचून दोरी ओढली. पहिल्याच झटक्याला हिरवं इंजिन सुरू झालं आणि ताई स्वतःच दचकल्या. डॉक्टरांचं दुसऱ्या झटक्याला. तात्यांनी दोरीची मूठ धरली. मूठ त्यांच्या हातात थरथरली. पहिला झटका फुकट. दुसराही. वहिनीने नवऱ्याचा दंड इतका घट्ट धरला की तो "अगं" म्हणाला. तिसऱ्याला इंजिन सुरू झालं.

मग कुणालाच काही ऐकू येईना. तीन इंजिनं एका सुरात धडधडत होती. समोरून केशकर्तनालयवाला कात्री घेऊनच बघायला आला होता आणि त्याच्या मागे कापड गुंडाळलेलं गिऱ्हाईक.

सव्वा मिनिट झालं. डॉक्टरांचं इंजिन मंदावलं, एकदा 'खर्र' करून खाकरलं आणि थांबलं. डॉक्टरांनी आकाशाकडे पाहिलं.

एक मिनिट एकतीस सेकंद. तात्यांचं इंजिन मंदावलं. खाकरलं. थांबलं.

हिरवं अजून चालूच होतं. पीटी सरांनी घड्याळाकडून ताईंकडे हात केला, आणि वहिनीला एकदम अंगणातला सगळा उजेड कमी झाल्यासारखं वाटलं. संपलं. तिने स्वतःच्या हाताने संपवलं होतं, आणि वर पुसून चकचकीतही केलं होतं.

पण ताई जिंकल्यासारख्या दिसत नव्हत्या. त्या तात्यांच्या इंजिनाकडे टक लावून बघत होत्या.

"तात्या," त्या मोठ्याने म्हणाल्या, "तुमचं इंजिन खाकरलं. तुमचं कधीच खाकरत नाही. हे तुम्ही लावलेलं नाही!"

तेवढ्यात हिरव्या इंजिनाचं पेट्रोल संपलं. ते मंदावलं, चांगलं लांबलचक खाकरलं आणि थांबलं.

ताईंचं तोंड उघडं होतं ते त्यांनी हळूच मिटलं. डॉक्टर कोपऱ्यात ठेवलेल्या मनी प्लँटचं पान निरखायला लागले. या घरात वाढलेल्या प्रत्येकाला इंजिनाच्या आवाजावरून हात ओळखता येत होता, आणि आता तिन्ही इंजिनांवर एकच हात फिरलाय हे सगळ्यांना कळलं होतं. फक्त आधी बोलायचं कुणी हा प्रश्न होता, कारण जो बोलेल तो आधी स्वतःच सापडणार होता.

"एक मिनिट अडतीस," पीटी सर म्हणाले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

तात्या बाकड्याला धरून उभे राहिले.

"खरं आहे," ते म्हणाले. "मी नाही लावलं. तीन वर्षं झाली, मी एकही इंजिन लावलेलं नाही." त्यांनी दोन्ही हात पुढे केले. सगळ्यांसमोर, उन्हात, पहिल्यांदाच. हात थरथरत होते आणि त्यांनी ते मागे घेतले नाहीत. "बघून घ्या. ट्रॉलीही यांच्यामुळेच गेली."

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला का नाही सांगितलंत?"

"तू कुठे सांगितलंस कुंडीचं?"

"कुंडीचं तुम्हाला..."

"इंजिनावर गोल डाग होते, मागच्या वेळी तुझ्याकडे आलो तेव्हा. आज नाहीत." मग तात्या भिंतीकडे वळले आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. बोट दोन शब्दांच्या मध्ये हेलकावत राहिलं. "वाचा, सर."

"ज्याच्या हातचं इंजिन, त्याचा शब्द!" पीटी सर कवायतीचा हुकूम द्यावा तसे ओरडले.

"तिन्ही हिच्या हातची आहेत. म्हणजे पहिली ही, दुसरी ही आणि तिसरीही हीच. आता सूनबाई सांगेल मी कुठे राहायचं ते. ती जा म्हणाली तर मी जाईन. हूं की चूं करणार नाही."

सगळे वहिनीकडे वळले. सोळा वर्षांत या अंगणात तिला कुणी काही विचारलं नव्हतं, मीठ पुरे आहे का एवढं सोडून. तिला वाटलं होतं की असं कधी झालं तर आपण किती आणि काय काय बोलू. प्रत्यक्षात तिच्या तोंडून पहिलं निघालं ते भलतंच.

"माझी पाठ दुखते," ती म्हणाली.

"म्हणजे?" नवरा घाबरून म्हणाला.

"तीन वर्षं मी उभ्याने काम करतेय. मला ते स्टूल पाहिजे." मग मात्र तिचा आवाज सुटला. "तात्या कुठेही जाणार नाहीत. शेड माझ्या हातात राहील. माझ्याशिवाय कुणी दोरी ओढायची नाही, आणि त्या ट्रॉलीची चाकं आज काढायची. डॉक्टर, खोली मिळणार नाही. आत इंजिन सुरू झालं की तुमचे पेशंट तोंडात कापूस घेऊन पळतील. आणि ताई..." ती थांबली. ताईंची बस तिला आठवली, आणि ताईंची झोप. "तुम्ही दर रविवारी या आणि सगळे शिकंजे स्वतः तपासा. लाल पेन घेऊन या हवं तर."

ताईंनी तोंडाला पदर लावला. रडत होत्या की हसत होत्या ते कळायला मार्ग नव्हता. बहुधा दोन्ही.

"मला हेच वाटत होतं," नवरा म्हणाला.

चौथ्या नियमाप्रमाणे आता जेवायचं होतं, पण जेवायला कुणी गेलं नाही. वहिनी शेडमध्ये गेली आणि तिच्या मागे सगळे. तिने स्टूल बाकड्यापुढे ओढलं, त्यावर बसली आणि क्षणभर तशीच बसून राहिली. खालून बाकडं वेगळंच दिसत होतं. तात्यांनी रॉकेलची रिकामी बादली उपडी घातली, तिच्यावर टेकले आणि बॅटरी हातात घेतली.

पिठाच्या डब्यामागचं इंजिन उघडायचं होतं, त्याचं जेट डॉक्टरांना गेलं होतं म्हणून. उजेड कार्बोरेटरवर आला, भिंतीवर गेला, दारातल्या ताईंच्या चष्म्यावर चमकला, पुन्हा कार्बोरेटरवर आला. तीन वर्षं वहिनी उजेडासाठी थांबत आली होती. आज तिने पेचकस खाली ठेवला.

"तात्या," ती म्हणाली, "बॅटरी नीट धरा."

दारातले सगळे जागच्या जागी थिजले. या घरातलं प्रत्येक मूल लहानपणी तात्यांसमोर बॅटरी धरून उभं राहिलं होतं आणि प्रत्येकाने हे वाक्य दिवसातून वीस वेळा ऐकलं होतं. उलट बाजूने ते कुणीच कधी म्हटलेलं नव्हतं.

तात्यांनी बॅटरी दोन्ही हातांनी धरली. "धरतोय गं," ते हळूच म्हणाले. उजेड तरीही हलत होता.

ताई पुढे आल्या. सिमेंटवर बापाशेजारी गुडघे टेकून बसल्या आणि त्यांनी तात्यांच्या हातांखाली आपले दोन्ही हात धरले. उजेड जवळजवळ थांबला. जवळजवळच, कारण आता ताईंचेही हात थरथरायला लागले होते.

"नीट धर!" तात्या खेकसले.

"धरतेय, तात्या," चोपन्न वर्षांच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या.